दोरावरचा शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बिसन उईके चिंचेच्या झाडावर असताना खालचा दोर नत्थूनं सोडला, हे खरं आहे. पण तो त्यानं माझ्या ओरडण्यावरून सोडला. नंतर पंचांपुढे मी जे बोललो त्यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि तरी त्या बोलण्यानं नत्थू खोटा ठरला. त्याच्या बायकोचं माहेर तुटलं. ती बायको, मैना, म्हणजे बिसनची सख्खी बहीण.

मी आता पंचेचाळिशीत आहे. बिसन गेल्या उन्हाळ्यात गेला. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या हातांपासून सुरुवात करावी लागेल.

बिसनचे हात त्याच्या अंगाला शोभत नसत. माणूस काटकुळा, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, आणि हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे रुंद. कुणाच्याही अंगणात शिरला की घरमालकाला रामराम करायच्या आधी तो झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवी. मग कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची उलटी बाजू, बुंध्यावर हळू ठोकी आणि कान लावून ऐकत उभा राही. लोकांना गंमत वाटायची. मलाही वाटली होती.

आमचा धंदा होता धोक्याची झाडं उतरवण्याचा. 'पाडण्याचा' म्हटलेलं बिसनला खपत नसे. "पाडते ते वारा," तो म्हणायचा. "आपण उतरवतो. लेकराले कडेवरून उतरवते ना माय, तसं." वर्धा शहरात तेव्हा विजेचे खांब वाढत होते, रस्ते रुंद होत होते, आणि जुने कडुलिंब, चिंचा, पिंपळ घरांवर नि तारांवर ओणवे झालेले होते. मी मॅट्रिक झालेला, आरामशीनवर कारकुनी केलेला. कचेरीत अर्ज लिहिणं, परवानगी आणणं, बैलगाड्या ठरवणं, लाकूड आरामशीनवर पोचवणं ही माझी कामं. झाडाशी बोलणं बिसनचं. दोर नत्थूचा. आम्ही तिघंच. ते दोघं मला 'मुन्शीजी' म्हणत.

सगळी झाडं उतरवावी लागत असंही नाही. निम्म्या वेळा बिसन नुसती वाळलेली फांदी काढी, कापल्या जागी शेण, माती आणि चुना कालवून लेप लावी, आणि मालकाला सांगे, "पट्टी बांधली. दोन पावसाळे हात नोका लावू." मालकाला सरपण हवं असे, तो कुरकुर करी. बिसन ऐकून न ऐकल्यासारखं करून तंबाखू मळत बसे. मोहाचं झाड तर त्यानं कधीच कापलं नाही. "तो आमचा देव हाय, मुन्शीजी. देवाच्या अंगावर कोण चढन?"

नालवाडीच्या बाजूला एका डॉक्टरांच्या अंगणात कडुलिंब होता. त्याच्या एका जाड फांदीखाली डॉक्टर दुपारची खाट टाकत. मी परवानगी आणली, गाडी ठरवली, तिघं गेलो. बिसननं तळवा ठेवला, तुंबा मारला, ऐकलं. पुन्हा मारला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघालाच.

"काय झालं रे?" मी मागं धावलो.

"आज नाई."

"काऊन नाई? गाडी उभी आहे!"

"आतून बोलून राह्यलं ते. बोलत्या झाडावर चढत नाई मी." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "खाट तिकडं घ्या, डाक्टरसाहेब. आजच्या आज घ्या."

डॉक्टर हसले. तरी त्यांच्या बायकोनं खाट हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पान हलत नव्हतं अशा वेळी, ती फांदी आपसूक मोडून आली आणि खाटेची जागा होती तिथे जमिनीत हातभर रुतली. मी ती पाहायला गेलो होतो. आतून ती पिठासारखी भुसभुशीत झालेली. वरून मात्र साल हिरवीगार, पालवी फुटलेली. त्या दिवसापासून मला झाडांची भीती वाटायला लागली. हिरव्या झाडांची जास्त.

बिसनला सांगितलं तर म्हणाला, "झाड पडाच्या आधी एकदा तरी बोलते. मले भेव बोलणाऱ्याचं नाई. न बोलणाऱ्याचं हाय."

त्याचा दुसरा जीव म्हणजे दोर. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड, बिसननं स्वतः वळलेला. कामावरून आला की तो सावलीत वाळवायचा आणि सकाळी निघण्याआधी वीतवीत करत बोटांतून काढायचा. कुठे एखादा धागा उभा राहिला तर बोट तिथं थांबे. त्या दोराला कुणी ओलांडायचं नाही असा नियम होता. एकदा घाईत मी ओलांडला. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. कंबरेचा विळा काढून, मी पाय टाकलेला तेवढा हातभर तुकडा बिसननं कापला आणि चुलीकडे फेकला.

नत्थू म्हणाला, "मुन्शीजी, असेच चालत राह्यले तुमी तं दोराचा करदोडा होईन बा."

आम्ही हसलो. बिसन हसला नाही.

आणि दोर धरायचा तो भाटव्यानंच, बहिणीच्या नवऱ्यानंच. हे बिसनच्या बापापासून चालत आलेलं. वर बाप असला की खाली आतेचा नवरा. मी एकदा विचारलं, भाऊ का नाही? मित्र का नाही?

"भाऊ वाटणीसाठी सोडन," बिसन म्हणाला. "मित्र घाबरून सोडन. भाटवा कसा सोडन? घरी गेल्यावर माह्या बहिणीच्या डोळ्याले डोळा द्या लागते त्याले."

नत्थू बाजूलाच दोर गुंडाळत होता. ठेंगणा, भरल्या अंगाचा, बडबड्या माणूस. म्हणाला, "डोळ्याले डोळा देतो का भाकर खातो, बापू? तुमची बहीण अगोदर इचारते, माह्या भावाले नीट उतरवलं काय. मंगच ताट लावते."

हे त्यानं गमतीत सांगितलं होतं, पण खरंच होतं तसं. मैनाला मी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती दारात उभी होती आणि आम्ही तिघं दिसेपर्यंत आत गेली नव्हती.

आता शब्दांचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

फांदी उतरवायची रीत अशी. वरच्या बेचक्यातून दोर घ्यायचा, त्याचं एक टोक कापायच्या फांदीला बांधायचं, दुसरं खाली आणून शेजारच्या झाडाला तीन वेढे द्यायचे. वेढ्यांमागे नत्थू. वर फांदी कापली गेली की ती दोरावर लोंबकळते, आणि नत्थू वेढे थोडे थोडे ढिले करत तिला अलगद जमिनीवर टेकवतो. वरच्याला खालचा दिसतोच असं नाही, खालच्याला वरचा दिसतोच असं नाही. दोघांना दिसेल अशा जागी मी उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं. माझं काम एवढंच.

पहिल्या दिवशी मी ओरडलो, "नत्थू, दोर किंचित सैल करतोस का?"

बिसन वरून म्हणाला, "मुन्शीजी, अर्ज लिहून राह्यले काय?"

खाली उतरल्यावर त्यानं मला सेवाग्रामच्या वाटेवरच्या उघड्या वावरात नेलं. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काढणी झालेली, वारा चांगलाच. मला धुऱ्यावर, बांधावर, उभं केलं, स्वतः लांब गेला, आणि वाऱ्याच्या उलट तोंड करून दोनदा ओरडला. मग विचारलं, "काय म्हणलं मी?"

"सोड. दोन्ही वेळा सोड."

"नाई. पहिल्यांदा म्हणलं, सोड. दुसऱ्यांदा म्हणलं, सोडू नोको." तो जवळ येऊन, अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं बोलला. "वाऱ्याले 'नोको' लई आवडते, मुन्शीजी. तेवढंच खाते अन् बाकीचं पाठवून देते. म्हणून दोरावर 'नोको' म्हणायचं नाई. दोनच शब्द. धर. सोड. तिसरा शब्द तोंडात आला तं गिळून टाका."

मी हो म्हटलं. पाच वर्षं मी ते दोनच शब्द वापरले. आपण शिकलेल्या माणसांचं एक असतं, नियम पाठ झाला की तो कळला असं आपल्याला वाटतं.

ती चिंच समुद्रपूरच्या अलीकडच्या एका गावात होती, शाळेच्या मागे. अर्ध्या फांद्या शाळेच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, झुकलेल्या. मुख्याध्यापकांनी दोनदा निरोप धाडला होता. रविवार धरून आम्ही गेलो, पोरं नसावीत म्हणून. वारा सकाळपासून होता. दोन बैलगाड्या मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेल्या, त्या आमच्या आधी येऊन उभ्या.

बिसननं तळवा ठेवला. तुंबा मारला. कान लावला. बुंध्याला फिरून दुसऱ्या बाजूनं मारला, मग तिसऱ्या. पुष्कळ वेळ घेतला. गाडीवाले जांभया देत होते.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काहीच नाई म्हणत." तो माझ्याकडे न बघता बोलला. "गप्प हाय. इतकं गप्प झाड नाई पाह्यलं मी."

"मग चांगलंच ना?"

बुंध्यावरून मुंग्यांची एक रांग खाली येत होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. बिसन त्या रांगेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या पाहू."

मी म्हणालो, "उद्या शाळा भरते, बिसन. गाड्या आल्यात. मी शब्द देऊन बसलोय."

हेही माझ्याच नावावर आहे. त्यानं धोतर आवळलं. दोर पुन्हा एकदा बोटांतून काढला.

"तुमी म्हणता म्हणून चढतो," तो म्हणाला. मग नत्थूला हाक मारली, "भाटवे, आज बडबड बंद."

"बंद, बापू," नत्थू म्हणाला.

वेढे द्यायला धडसं झाड एकच होतं, शाळेच्या भिंतीपलीकडची बाभूळ. तिथून नत्थूला वरचं काही दिसत नव्हतं. मी भिंतीच्या कोपऱ्यावर. वर बिसन दिसे, पलीकडे नत्थूचा चेहरा दिसे. नत्थूची नजर माझ्या तोंडावर होती.

फांदी निम्मीही कापून झाली नव्हती. तेव्हा ते झाड बोललं. आवाज मोठा नव्हता, कुणी जाड कापड टराटरा फाडावं तसा. फांदी मुळातूनच निखळली, दोराला हिसका बसला, आणि ती बिसनच्या डोक्यावर हातभर लोंबकळत गरगर फिरायला लागली. बिसन खालच्या फांदीवर उभा होता, त्याचा एक पाय बेचक्यात अडकलेला. त्यानं वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तो काही ओरडला नाही. पाय काढायला त्याला घडीभर वेळ हवा होता. तेवढाच वेळ दोर धरून ठेवायचा होता. म्हणायचा शब्द एकच होता.

मी ओरडलो, "सोडू नको!"

शब्द तोंडातून निघत असतानाच मला कळलं होतं. मी नत्थूचा चेहरा पाहिला. त्यावर शंका नव्हती, विचारणं नव्हतं. पाच वर्षं माझं ऐकलेल्या माणसाचा तो चेहरा होता. त्यानं झटक्यानं वेढे मोकळे केले.

फांदीचं बूड बिसनच्या कंबरेवर आलं आणि त्याला घेऊन कवेलूंतून आत गेलं. शाळेत. मी पळालो तेव्हा आत धूळ होती, आणि फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख तशीच होती.

बिसन जगला. बैलगाडीत गवत घालून आम्ही त्याला नेलं, पुढे मोटर मिळाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात तो चार महिने होता. उजवा पाय राहिला, पण नुसता लोंबता. पुन्हा झाडावर चढणं नव्हतं.

आठव्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला. मी खाटेशी बसलो होतो, नत्थू दाराशी उभा. बिसननं त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, "काऊन सोडला?"

"मुन्शीजीनं सोड म्हणलं, बापू."

बिसननं मान माझ्याकडे वळवली. मी म्हणालो, "मी सोड नाही म्हटलं."

आम्ही दोघंही खरं बोलत होतो. खोलीत फिनेलचा वास होता. नत्थू माझ्याकडे बघत राहिला, रागानं नव्हे, काहीतरी चुकून ऐकल्यासारखा. म्हणाला, "मुन्शीजी, म्हणलं ना तुमी. मी ऐकलं." मी खिडकीबाहेर बघितलं.

पुढे त्यांच्या वस्तीत पंच बसले. भाटव्यानं दोर सोडणं ही साधी गोष्ट नव्हती, त्यांच्यात तो नात्याचा गुन्हा. वस्तीबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली मला बोलावलं. म्हाताऱ्या पंचानं सांगितलं, झाडाला हात लावून सांगा, तुम्ही सोड म्हणले काय? मी मोहाच्या बुंध्यावर तळवा ठेवला, बिसन ठेवायचा तसाच. साल ऊन लागून गरम झालेली होती. मी म्हणालो, "सोड असं मी म्हटलं नाही."

मग काय म्हटलं, हे कुणी विचारलं नाही. मी मुन्शी होतो, अर्जात विचारलेल्या रकान्यापुरतंच उत्तर भरायची मला सवय होती.

मैना पलीकडे बायकांत बसली होती. ती उठली, नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली, आणि भावाच्या दाराकडे पाठ करून दोघं चालायला लागली. तेव्हापासून ती भाऊबीजेला आली नाही. बिसननं बोलावलं नाही. नत्थू समुद्रपूरकडे एका शेतावर सालदार राहिला. लोक त्याला 'दोरसोड्या' म्हणतात, त्याच्या तोंडावर म्हणतात. बडबड्या माणूस होता. आता विचारलं तेवढंच बोलतो, असं ऐकतो.

मी धंदा बंद केला आणि पुन्हा आरामशीनवर कारकून झालो. राज्य बदललं, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, कचेरीतले छापील कागद बदलले. बिसनकडे मी वर्षातून एकदोनदा जायचो. तो अंगणात बसून दोर वळायचा, इतरांसाठी, विहिरीचे नि बैलांचे. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नसे. पण बोलता बोलता थांबायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. कान थोडा कलता करून. ती नजर मला ओळखीची होती. मला ठोकून ऐकल्यासारखी.

शेवटचं मी त्याला गेल्या माघात पाहिलं. पऱ्हाटी निघालेली, वावर उघडं, वारा तसाच. चहा झाल्यावर तो काठी घेऊन उठला आणि म्हणाला, "चाला मुन्शीजी, धुऱ्यापर्यंत."

धुऱ्यावर आल्यावर मला उभं केलं. काठीवर दोन्ही हात ठेवून बोलला.

"तुमी सोड नाई म्हणलं, हे कबूल. मोहाले हात लावला तुमी. नत्थूनं सोड ऐकलं, हे बी कबूल. माह्या बहिणीचा नवरा हाय तो. दोघं बी खरे, अन् माहा पाय गेला. मंग तुमी काय म्हणलं, मुन्शीजी? हे तं कोणी इचारलंच नाई."

त्यानं काठीवरचा एक हात वर केला.

"सांगू नोका," तो म्हणाला. "ओरडा. मी तिकडं जातो. त्या दिवशी जे ओरडले तेच ओरडा. माह्ये कान अजून साबूत हाय."

तो निघाला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. वाऱ्यानं धोतर फडफडत होतं. त्याला तेवढं वावर ओलांडायला किती वेळ लागला! तेवढा सगळा वेळ माझ्याकडे होता. पलीकडे पोचून तो वळला, काठी काखेत धरली, आणि तो रुंद तळवा कानामागे लावून उभा राहिला.

मी छाती भरून ओरडलो, "धर!"

त्याला ते ऐकू गेलं. शब्द स्वच्छ पोचला, मला दिसलं ते. हात कानामागून खाली आला. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, त्या चिंचेपाशी उभा होता तसा. मग मान एकदा हलवली, कशासाठी ते मला कळलं नाही, आणि माझ्याकडे परत न येता धुऱ्याधुऱ्यानं, पाय ओढत, लांबच्या वाटेनं घराकडे गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. त्यानंतर मला तो दिसला नाही. वैशाखात तो गेल्याचं कळलं. मैनाला कुणी बोलावलं नव्हतं, ती आली नाही.

हे लिहून मी मोकळा झालो असं म्हणणार नाही. नत्थूला वाचता येत नाही, मैनालाही नाही. समुद्रपूरची मोटर रोज सकाळी सुटते. त्यांच्या दारात उभं राहून, वारा नसेल अशा जागी, "मी 'सोडू नको' म्हणालो होतो" हे तोंडानं सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.